गहू, ज्येष्ठमध आणि लाल बोरं

लीलावती चिनी औषधांच्या दुकानात शिरली, तेव्हा डॉक्टर दीनानाथ समोरच्या बसस्टॉपवर वर्तमानपत्राआड उभे होते. लीड्सच्या हॉस्पिटलात लोकांना भूल देण्यात सगळी हयात गेली, आणि आता म्हातारपणी स्वतःच्या बायकोच्या मागावर राहायची पाळी आली.

ती बाहेर आली. हातातली खाकी पुडी तिनं घाईघाईनं पर्समध्ये कोंबली आणि मार्केटकडे वळली.

दीनानाथांच्या डोळ्यांना पाणी आलं. रिटायर झाल्यापासून हे असंच. वारा लागतो, दुसरं काय! त्यांनी खिशातले ड्रॉप्स डोळ्यांत घातले आणि रस्ता ओलांडला.

काउंटरमागे एक वयस्क चिनी बाई बसली होती.

“आत्ता गेल्या त्या बाईंना काय दिलंत?”

“कुणाचा आजार काय, ते मी सांगत नाही,” ती म्हणाली.

“बरं, पुडीत काय असतं ते तरी सांगा.”

“त्यात लपवण्यासारखं काही नाही. गहू, ज्येष्ठमध आणि वाळलेली लाल बोरं. फार जुना काढा आहे आमचा.”

“कशावर देतात?”

“उगाच रडू येतं, झोप लागत नाही, सारख्या जांभया येतात. काय झालं विचारलं, तर माणूस म्हणतो, काही नाही. जुन्या ग्रंथात बायकांसाठी लिहिलाय. आम्ही कुणालाही देतो.”

दीनानाथांनी जांभई दाबली, थँक्यू म्हटलं आणि बाहेर पडले.

लीलावती रडते? कधी? मंडळात गाते, शेजारणींशी हसते. मग त्यांना आठवलं, गेल्या रविवारी ती क्रॉयडनच्या लेकीशी फोनवर बोलत होती. “बघवत नाही गं आसावरी. असं किती दिवस चालायचं? आणि बोलायचीही सोय नाही.” दीनानाथ जिन्यात थबकले होते. त्यांना बघून तिनं विषयच बदलला.

घर रिकामं होतं. त्यांनी स्वयंपाकघर उलथंपालथं केलं. एरवी तिथं त्यांचं पाऊल चहाच्या कपापुरतंच. काढ्याचं भांडं नाही, वास नाही, की गाळणीत चोथा नाही. सिंकमध्ये काल रात्रीची खिरीची वाटी तेवढी पडली होती, आणि ती त्यांचीच. लीलावतीला डायबेटिस, गोडाला ती बोट लावत नाही.

म्हणजे बाई काढाही लपूनछपून पिते! घरात डॉक्टर असताना दुखणं परक्या बाईला सांगते. काखेत कळसा आणि गावाला वळसा. त्यांना राग आला आणि मग राग सरून नुसती भीती उरली. इतकी वर्षं ते ड्यूटीवर आणि ती या घरात एकटी. आता ते दिवसभर घरात, तरी दोघांत बोलायला काही नाही. आपल्याला एकटं वाटतं, एवढंच ते धरून बसले होते. तिचं काय, हे कधी मनातच आलं नाही. ती आसावरीकडे कायमची निघून गेली, तर या घरात त्यांनी कुणाकडे बघायचं?

ती परत आली तेव्हा ते मशीन घेऊनच बसले होते. ज्येष्ठमधानं प्रेशर चढतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

“हात दे जरा.”

“मला काय धाड भरलीय?” ती हसली, पण तिनं हात पुढे केला.

एकशे वीस, ऐंशी. तरण्या पोरीला लाजवेल असं.

“आता तुमचं बघा,” ती म्हणाली.

त्यांचं चढलेलं होतं. हल्ली रोजच चढायचं. जीपीनं, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरनं, गोळी वाढवूनही उतरत नव्हतं. काळजीनं होतं, त्यांनी मनाशी म्हटलं.

“काही होतंय का तुम्हाला?” लीलावतीनं विचारलं.

“काही नाही.”

ती क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिली आणि आत गेली.

दीनानाथ बराच वेळ खिडकीशी बसून होते. अंधारून आलं. डोळे पुन्हा भरले. ड्रॉप्स संपले होते. शेवटी त्यांनी ठरवलं, आज बोलायचंच. म्हणायचं, लीला, मी तुझ्याकडे लक्ष दिलं नाही. तुला लेकीकडे राहावंसं वाटत असेल तर जा. पण चोरून औषध घेऊ नकोस, आणि जमलं तर जाऊच नकोस.

ते स्वयंपाकघराच्या दारात आले.

लीलावती त्यांच्याकडे पाठ करून ओट्याशी उभी होती. तिनं खाकी पुडी फोडली. ज्येष्ठमधाच्या काड्या वेचून स्वच्छ फडक्यात बांधल्या. गहू, लाल बोरं आणि ती पुरचुंडी कुकरमध्ये टाकून तिनं झाकण लावलं. मग फळीवरून एकच वाटी काढली.

“भूक लागली का हो?” वळून न बघता ती म्हणाली, “बसा. तुमची खीर आत्ता होईल.”