चौदा नंबरकडे पाठ

लाउडस्पीकरवर बारा नंबरचं नाव पुकारलं, तेव्हा लुसिलने शेजारच्या गिलच्या दंडाला चिमटा काढला.

"आता तेरा. मग चौदा. तयार राहा रे."

"चिमटे काढू नकोस गं, तयारच आहे," गिल म्हणाला. "अख्खं गाव तयार आहे. माझी सासूसुद्धा आलीय, आणि ती ख्रिसमसला चर्चमध्ये जायचा कंटाळा करते."

गाव खरंच लोटलं होतं. हेरॉन्स हा त्यांचा आइस हॉकीचा संघ. हेरॉन म्हणजे बगळा. वीसेक वर्षांपूर्वी मालकाने हा संघ उचलून दूर वाळवंटातल्या शहरात नेला. तिथे बगळ्याला पाय बुडवायला पाणी नाही, पण नाव तेच ठेवलं आणि निळ्या जर्सीची केशरी केली. आज इतक्या वर्षांनी तो संघ जुन्या गावात एक मैत्रीचा सामना खेळायला उतरत होता.

छपराला एक निळं कापड टांगलं होतं, त्यावर पांढऱ्या रंगात चौदा. हा आर्मंड थेरियोंचा, म्हणजे लुसिलच्या वडिलांचा नंबर. असा नंबर एकदा छपराला गेला की संघात पुन्हा कुणी तो अंगावर घालायचा नाही, हा रिवाज. नव्या शहराने रिवाज गुंडाळून ठेवला. तिथल्या छपराला काहीच टांगलं नाही, आणि या मोसमात चौदा नंबर फिनलंडहून आलेल्या एका नवख्या पोराला देऊन टाकला. हे कळलं त्या दिवशी लुसिलच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाप ऐंशीचा. त्याच्या डोळ्यांदेखत त्याची आठवण पुसायची?

मग ती दारोदार फिरली. सगळ्यांना एकच सांगत होती. ट्रंकेतल्या जुन्या निळ्या जर्सी काढा आणि घालून या. चौदा नंबर बर्फावर आला की ओरडायचं नाही, काही फेकायचं नाही. गुपचूप उभं राहून पाठ फिरवायची. टीव्हीवाले येणार आहेत, मालकाला दिसू दे.

वडिलांना तिने सकाळी सांगून टाकलं होतं. बशीतल्या बीन्स पावाने पुसत ते म्हणाले होते, "आधी पोरगं खेळतं कसं ते तरी बघा." आता ते बर्फाच्या मधोमध अंथरलेल्या गालिच्यावर हातातल्या काठीला टेकून उभे होते. आइस हॉकीत चेंडूऐवजी रबराची चकती असते; सामन्याची पहिली चकती टाकायचा मान त्यांना दिला होता. एका हाताने मान द्यायचा आणि दुसऱ्या हाताने नंबर काढून घ्यायचा, लुसिलला याचाच जास्त राग होता.

"नंबर चौदा, एटू लाहतेला."

खुर्च्यांचा खडखडाट झाला. सगळं गाव एकदम उठलं आणि वळलं. जमलं, तिला वाटलं, जमलं.

ती अगदी पुढच्या ओळीत होती. वळल्यावर तिच्यासमोर वरच्या ओळी आल्या, आणि त्यांनीही पाठच फिरवली होती. ओळीवर ओळ, थेट छपरापर्यंत निळ्या पाठी. जर्सीवर त्या काळी खेळाडूचं नाव नसायचं, नुसता नंबर. आणि गावाने चौदाशिवाय दुसरी जर्सी फारशी कधी घेतलीच नव्हती.

जिकडे बघावं तिकडे चौदा. सगळे आकडे बर्फाकडे तोंड करून.

जर्सीचा नंबर पाठीवर असतो हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण दारोदार इतकी चर्चा होऊनही ते कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

"लुसिल," गिल हळूच म्हणाला, "आपण गाढवं आहोत."

"गप्प बस."

मागून टक् टक् आवाज येऊ लागला. बर्फावर हॉकीची काठी आपटल्याचा. हॉकीवाले टाळ्या अशाच वाजवतात. आधी एक काठी, मग दोन, मग सगळ्या संघाच्या. लुसिलला राहवेना. पाठ फिरवायची कल्पना तिची, आणि सगळ्यात आधी वळून बघितलं तेही तिनेच.

ते पोरगं हेल्मेट काढून रिंगणाला संथ फेरी मारत होतं. प्रत्येक बाजूला थांबून कमरेत वाकत होतं. चेहरा लालबुंद झालेला, हातमोज्याने डोळे पुसतंय. आणि मधोमध पपा पोट हलेपर्यंत हसत होते आणि हातातली काठी गालिच्यावर आपटत होते.

एकेक करत लोक वळले. पोराला वाकताना बघून कुणीतरी टाळी वाजवली, ती पसरत गेली, आणि मग छप्पर उडेल की काय असा गलका उठला. गिल तर शिट्ट्या मारत होता. लुसिललाही आनंद आवरेना, आणि आपण हरलो की जिंकलो हे काही तिला कळेना.

पोरगं पपांजवळ आलं. मोडकंतोडकं काहीतरी विचारलं. पपांनी त्याच्या कानाशी वाकून उत्तर दिलं, पाठीवर थाप मारली, चकती टाकली आणि काठी टेकत लुसिलच्या समोरच्या फाटकातून बाहेर आले.

"काय विचारत होतं ते?" तिने त्यांचा हात धरला.

"एवढी सगळी माणसं कुणाच्या नंबरची जर्सी घालून आलीत, असं."

"मग? सांगितलंत ना, कुणाचा नंबर आहे तो?"

"सांगितलं की." बर्फावरची नजर न काढता ते खुर्चीत बसले. "म्हटलं, तुझाच. आता तसा खेळ."