बुधीचा फोन

“बुधी, जरा केबिनमध्ये ये,” धर्मेशशेटची हाक आली. हातातला कापडाचा ओला तागा बुधीनं तसाच गाड्यावर टाकला.

कळलं असणार! विश्राम वॉचमनच्या तोंडात तीळ भिजत नाही, आणि परवा तिनं त्याच्याच मोबाइलवरून पोलिसांना फोन लावला होता.

काल सकाळी पोलिसांची गाडी आली आणि रंगखात्यातल्या सहा जणांना घेऊन गेली. सीमेपलीकडची माणसं ती. कागद नाहीत, म्हणून शेट त्यांना तीनशे रोजावर राबवायचा, आणि ते पैसेही महिनोन्‌महिने लटकवून. त्यांच्याकडे बोट दाखवूनच त्यानं बुधीचा साडेचारशेचा रोज साडेतीनशेवर आणला. मनोरपलीकडच्या पाड्यावरून बोईसरला यायला-जायलाच ऐंशी रुपये मोडतात. ती माणसं गेली की आपला रोज पुन्हा वाढेल, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

पण कालपासून तिला चैन नव्हतं. त्यांच्यातला थोरला रोज तिच्या जोडीनं गाडा ढकलायचा. आज एकटीनं ढकलून तिची कंबर मोडली होती आणि स्वतःचाच भयंकर राग येत होता.

“फोन तूच केलास ना?” शेटनं दार लावून विचारलं.

“चुकी झाली माजी, शेट. पन कामावरना नका काडू. घरात दुसरी कमाई नाय.”

“काढतोय कशाला? बस की.”

शेटसमोरच्या खुर्चीवर तिला आजवर कुणी बस म्हटलं नव्हतं. ती उभीच राहिली.

“उद्यापासून तुला साडेचारशे,” शेट म्हणाला.

बुधीला क्षणभर हायसं वाटलं. मग त्या हायसं वाटण्याचीच लाज वाटली. तिनं पदर मुठीत धरला आणि धीर करून विचारलं, “त्यांचा तीन महिन्यांचा पगार तुमच्याकडंच हाय ना, शेट? तो तरी पोचता करा.”

“कुणाचा पगार? माझ्या रजिस्टरात असली माणसं कधी नव्हतीच.” शेटनं चहाचा कप तिच्याकडे सरकवला. “सोमवारी नवे आठ जण येतायत. त्यांचेही तीन महिने भरले की मी सांगेन. मग असाच एक फोन कर.”