कोटाची दुसरी बाही

थोरल्या लेकीचं, चंद्रभागेचं लग्न झालं त्या वर्षीची ही गोष्ट. नवरदेव मारुतीच्या पारावर खोळंबला होता, कारण सासरचा कोट घातल्याशिवाय मांडवात यायची रीत नव्हती. कोटाला एक बाही लावायची राहिली होती आणि शिवणारी तिची आई गोदावरी पाय मुरगळून खाटेवर पडली होती. म्हणून तिचा नवरा शिदोबा, बाजारातला दांडगा हमाल, शिलाई मशीनवर बसला. पायडल दाबलं तर मशीन ढिम्म हलेना.

"अहो, पायडल नि चाक जोडणारी दांडी सरळ उभी राहिलीय. तुमचा जोर नुसता आसावर बसतोय. आधी हाताने चाक ढकला," गोदावरी ओरडली.

"हाताचं काय काम? पोती उचलणारा गडी आहे मी!" म्हणत शिदोबा दोन्ही पायांनी पायडलवर उभाच राहिला. मशीन कण्हलं, पण हललं नाही. एका बाहीचा जावई डोळ्यांपुढे येऊन त्याला घाम फुटला.

तेवढ्यात त्याच्या म्हाताऱ्या तुळसाआत्याने एका बोटाने चाक जरासं ढकललं. दांडी तिरपी झाली, शिदोबा धाडकन खाली गेला, सुई खडखडत धावली आणि बाहीबरोबर त्याचं उपरणंही शिवून मोकळी झाली.

"मेल्या, पोरीच्या आधी तूच जावयाशी गाठ बांधलीस!" आत्या म्हणाली.

उपरणं कापून कोट पारावर गेला, लग्न लागलं. पुढे आत्या येईल त्याला ते बोट दाखवायची. चंद्रभागेच्या पहिल्या दिवाळसणाला, भाऊबीजेच्या दिवशी, तुळसाआत्या वारली. बोट तेवढं ताठ होतं.