आणि इतर साथीदार

रेडिओची खरखर थांबली तसा उद्धव सासऱ्यांसमोर सावरून बसला. फर्माईशींचा कार्यक्रम आता सुरू होणार होता. आबासाहेब पानाला चुना लावत होते. सासूबाई कमलबाईंनी शेजारच्या बायकांनाही बोलावून आणलं होतं, कारण हेमानं आईला आधीच सांगून ठेवलं होतं की आज यांचं नाव रेडिओवर येणार.

नाव येणं गरजेचंच होतं. थोरला जावई नायब तहसीलदार. त्याचं नाव वर्तमानपत्रात येई. कधी सत्कार झाला म्हणून, कधी चौकशी लागली म्हणून, पण येई. धाकटा उद्धव मानवतला अडत दुकानात मुनीम. "धाकटे जावई करतात काय?" असं सोनपेठच्या बाजारात कुणी विचारलं की आबासाहेब वांग्याचा भाव विचारायला लागत. हेमानंच हे त्याला सांगितलं होतं आणि ते त्याच्या जिव्हारी लागलं होतं.

तसा उद्धव मानवतच्या रेडिओ श्रोता संघाचा जुना सभासद. पण संघाच्या पत्रात पहिलं नाव अध्यक्ष दिनकररावांचं, मग चिटणिसाचं, मग खजिनदाराचं. खजिना म्हणजे शाईची एक दौत. तिथवर निवेदिकेचा दम संपे आणि ती म्हणे, "आणि इतर साथीदार." उद्धव कित्येक वर्षं इतर साथीदार होता.

शेवटी त्यानं भर बैठकीत तोंड उघडलं. "नाट्यगीतवाले, भावगीतवाले, कव्वालीवाले एका सतरंजीवर कशाला? आवड येगळी, तर संघ बी येगळा पायजे."

"एक संघ हाय म्हणून रेडिओवाले आपल्याला वळखतात," दिनकरराव म्हणाले. "फुटलात तर कुत्रं इचारणार न्हाई."

अध्यक्षांना एकी प्रिय असतेच. बाकीच्यांना उद्धवचं पटलं, कारण ज्याला त्याला आपलं नाव पहिलं दिसू लागलं. बघता बघता नाट्यगीत संघ झाला, कव्वाली संघ झाला. भावगीतवाल्यांत पुरुषांच्या आवाजाचे आणि बायकांच्या आवाजाचे असे दोन गट पडले. मुंजाजीचं कुणाशीच जमेना, म्हणून त्यानं एकट्यानं बासरी संघ काढला आणि स्वतःला बिनविरोध निवडून घेतलं. रबरी शिक्के करणाऱ्याची दिवाळी झाली. उद्धव शुद्ध भावगीत रसिक संघाचा संस्थापक अध्यक्ष झाला. सभासद तो आणि हेमा.

पत्र लिहिताना मात्र त्यानं शुद्ध भावगीत जरा बाजूला ठेवलं. भावगीत लागेल न लागेल. त्या दिवसांत एक लावणी हमखास लागत होती, तीच त्यानं मागितली. नाव येण्याशी मतलब. आपल्यासारखी अक्कल गावात दुसऱ्या कुणाला असेल, असं काही त्याच्या मनात आलं नाही.

"आता ऐकू या सर्वांची आवडती लावणी," निवेदिका म्हणाली. "यासाठी पत्रं आली आहेत मानवतहून..."

हेमानं पदर सावरला. कमलबाईंनी शेजारणींना गप्प बसवलं. उद्धवनं रेडिओचा आवाज वाढवला.

"...नाट्यगीत संघाची, कव्वाली संघाची, अगदी बासरी संघाचंसुद्धा. इतक्या संघांची, की सगळी नावं वाचत बसले तर लावणीच राहून जाईल. तेव्हा ही लावणी मागितली आहे समस्त मानवतकरांनी."

ढोलकी सुरू झाली. हेमा खाली मान घालून बांगड्या मागेपुढे करत राहिली. उद्धवला वाटलं, उठावं आणि मिळेल ती एस.टी. पकडावी.

आबासाहेबांनी पान गालात सारलं आणि जावयाकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

"अख्ख्या गावानं पत्रं टाकलीत म्हणायलेत, जावईबापू. तुमीच तेवढे कसे राहिले?"