सहावा मजला

तुम्ही मारलंत त्याला, सर. चांगला धडधाकट, दोन्ही वेळा पोटभर जेवणारा, पेन कानावर ठेवून घरभर शोधत फिरणारा माणूस तुम्ही सहाव्या मजल्यावरून खाली ढकललात. आणि वर हात झटकून म्हणालात, "आता कसं! आता गोष्टीत जीव आला."

तो माणूस थर्मास घेऊन सभागृहाच्या मागच्या दाराशी उभा होता. समोर व्यासपीठावर त्याची लेक माइक धरून बोलत होती. तिच्या गोष्टीत तो नुकताच लिफ्टच्या खड्ड्यात कोसळला होता. तेवढ्यात तिची नजर दाराकडे गेली आणि ती बोलता बोलता थांबली.

बाप लिफ्ट दुरुस्त करायचा. पोरगी शाळेत असताना तो खरंच पडला होता, पण दुसऱ्या मजल्यावरून. पाय मोडला. थोडं उठता येतंय म्हटल्यावर काखेत कुबडी मारून पोरीला शाळेत सोडायला जायला लागला. हाड वाकडं जुळलं, चाल कायमची लंगडी झाली. बस्स, एवढीच गोष्ट.

कापडाच्या दुकानातली नोकरी सोडून ती सरांच्या वर्गात दाखल झाली. तिला प्रेरणा देणारी भाषणं करायची होती. पहिल्याच दिवशी सर म्हणाले, "ज्याला घाव नाही, त्याला टाळ्या नाहीत." मग एकेकाला उभं करून घाव विचारले. तिची गोष्ट त्यांनी डोळे मिटून ऐकली आणि मान हलवली. "कमी आहे. यात काहीतरी कमी आहे." दुसऱ्या दिवशी दुसऱ्या मजल्याचा चौथा झाला. मग सहावा. सहाव्यावर बाप गेला. बिल्डर मजले चढवताना निदान परवानगीचं नाटक तरी करतो. सरांनी तेही केलं नाही. त्याच आठवड्यात त्यांनी वर्गातल्या एकाचं घर जाळलं आणि एकीच्या ठणठणीत आईला अंथरुणाला खिळवलं. कुणी ब्र काढला नाही. टाळ्या सगळ्यांनाच हव्या होत्या.

घरी ती खोलीचं दार लावून सराव करायची. बाबांना म्हणाली होती, "विषय यशाचा आहे. तुम्हाला कंटाळा येईल."

"बरं बाई," म्हणून ते बाहेर शब्दकोडं घेऊन बसत. सराव संपला की दारावर टकटक व्हायची आणि गरम पाण्याचा पेला आत यायचा. "घसा जप, भोंग्या. यापुढं तोच पोटाला घालणार आहे." जन्मली तेव्हा कारखान्याच्या भोंग्यासारखी रडली होती, तेव्हापासून ती भोंगाच. पेला नेमका शेवटच्या वाक्यानंतरच कसा येतो, हा विचार तिला कधी शिवला नाही.

आज पहिला कार्यक्रम. समोर विमा कंपनीचे एजंट, पहिल्या रांगेत खुद्द सर. जमलं तर पुढच्या दौऱ्यात ती सरांच्या जोडीला उभी राहणार होती. नाही जमलं तर पुन्हा मीटरपट्टी आणि कापडाचे तागे. या गडबडीत थर्मास स्वयंपाकघरातच राहिला, आणि तो घेऊन बाबा आले.

सभागृहात कुणीतरी खोकलं. सरांचं बोट हवेत गरगर फिरलं. चल, पुढं चल. तिला पुढचं एक अक्षर आठवेना. मान वर करून बघायचा धीर होईना. तरी तिनं बघितलं.

बाबा घाबरले होते. स्वतःसाठी नाही, तिच्यासाठी. लहानपणी स्नेहसंमेलनात ती कविता विसरली की शेवटच्या रांगेच्या मागं उभं राहून ते नुसते ओठ हलवायचे. आजही ते ओठ हलवत होते. सावकाश, एकेक शब्द वेगळा करून.

आणि बाबा... परत... उठलेच नाहीत.

वाक्य बरोबर होतं. सरांनी लिहून दिलेलं, रोज दाराआड घोकलेलं.

शेवटच्या रांगेतला एक अधिकारी वळला. "काका, कोण पाहिजे आपल्याला?"

"मी? मी लिफ्टवाला." बाबांनी थर्मास हळूच रिकाम्या खुर्चीवर ठेवला. "लिफ्ट बघायला आलो होतो, चुकून इकडं शिरलो." मग व्यासपीठाकडे बघून त्यांनी हात जोडले. "बोला मॅडम, थांबू नका. छान बोलताय. तुमचे वडील असते तर त्यांना फार बरं वाटलं असतं."

आणि ते पाय ओढत दाराकडे वळले.

"बाबा, थांबा."

ती हळूच बोलली होती, पण माइक चालू होता. आवाज चारी भिंतींवर आपटला. सगळ्या माना मागं वळल्या. एकच वळली नाही, पहिल्या रांगेतली.

बाबांनी दाराची मूठ धरून तिच्याकडे बघितलं. त्यांचे ओठ आता हलत नव्हते. यापुढचं त्यांना पाठ नव्हतं.

ती व्यासपीठाच्या पायऱ्या उतरून सरांच्या समोर येऊन उभी राहिली.

"ते माझे बाबा. दुसऱ्या मजल्यावरून पडले होते, आणि कुबडी घेऊन मला शाळेत सोडायला यायचे. मागं वळा, सर. त्यांच्याकडे नीट बघा, आणि मला सांगा, यात काय कमी होतं?"