नमुना तुझ्या आवडीचा

सुधाकरला दुसरेपणावर दिलेल्या वृंदाशी सासूबाई वर्षभर धड बोलल्या नव्हत्या. थंडी पडली, तशी नोएडातल्या नव्या फ्लॅटच्या बाल्कनीत त्यांनी विणकामाचं पुस्तक तिच्यापुढे टाकलं. "नमुना तुझ्या आवडीचा निवड, रोज घालायला स्वेटर करून देते. कुडकुडतेस नुसती!"

वृंदाने वेणीच्या नक्षीवर बोट ठेवलं आणि देवापुढे साखर ठेवली. अखेर आपण या घरच्या झालो!

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ती तो स्वेटर घालून मिरवत होती. शेजारच्या लतिकाबाईंनी बाहीवरून हात फिरवला. "लोकर किती मऊ हो!"

सगळ्या बायकांदेखत सासूबाई म्हणाल्या, "असणारच. आमची पहिली सून गेली ना, तिचाच स्वेटर उसवून विणलाय. हिला उष्टं चालतं."