अठ्ठ्याण्णव टक्के

मुलांनो, डोळे मिटा आणि इस्पितळाच्या तळघरातली एक खोली डोळ्यांपुढे आणा. खिडकी नाही, गारठा आहे, भिंतीलगतची यंत्रं एका सुरात घुमताहेत. शाळेला सुट्टी म्हणून एक मुलगी तिथे आईशेजारी बसली आहे. वरच्या मजल्यावर पेशंटने खाटेजवळचं बटण दाबलं की नर्सच्या टेबलावर घंटा वाजते. ती हाक पोचवणारं यंत्र याच खोलीत आहे, आणि त्याच्यावर नजर ठेवणं हे आईचं काम.

यंत्राची मेमरी म्हणजे त्याची ओंजळ, आईने मुलीला समजावलं होतं. ओंजळ ऐंशी टक्के भरली की आईचा मोबाइल कोकलायचा. ती उठून बघेपर्यंत ओंजळ आपोआप रिकामी झालेली असायची. सकाळपासून हेच चाललं होतं. शेजारच्या खोलीत मीटिंगला बसलेले साहेब शेवटी दारात आले.

"बाई, तान्ह्या पोरासारखा रडतोय हा फोन. गप्प करा त्याला."

आईने पडद्यावर इशाऱ्याची मर्यादा उघडली, म्हणजे ओंजळ किती टक्के भरली की फोन वाजावा तो आकडा. मुलगी म्हणाली, मी टाकू का आकडा? आईला हसू आलं.

"टाक. अठ्ठ्याण्णव."

मुलीने जीभ दातांत धरून एकेक आकडा दाबला.

फोन गप्प झाला. दोघींनी निवांत डबा खाल्ला. पडद्यावर सत्याण्णवचा आकडा हिरवा होता आणि हिरवाच राहिला. बाकीच्या यंत्रांचे आकडे हलत होते, हा हलत नव्हता. मुलीने बोट दाखवलं, तर आई म्हणाली, बरं झालं, स्थिरावलं एकदाचं.

यंत्र गुदमरलं होतं. आणि गुदमरलो म्हणून कळवायचं कामही त्याच यंत्राकडे होतं.

वॉर्डातल्या मावशी जिना उतरून आल्या त्या सावकाश. घाई करण्यासारखं काही उरलं नव्हतं. घंटा वाजतच नाहीये, त्या म्हणाल्या. कोपऱ्यातल्या खाटेवरचे आजोबा गेले. बटण मुठीतच होतं, अंगठा त्याच्यावर दाबलेला.

साहेब आले. पडद्याजवळ वाकले.

"मर्यादा कोणी वाढवली?"

आईने त्यांच्याकडे पाहिलं. साहेबांनी पुसायला म्हणून चष्मा काढला.

मुलगी खुर्चीवरून उतरली आणि आईच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली.

"मी," ती म्हणाली. "आईला न विचारता."